स्पर्धेचा कायदा आणि सहकाराचा आवाज

सहकारी संस्था हा धंदा आहे की चळवळ, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीतील प्रत्येक मंत्रालय आपापल्या सोयीने देत असते. कर वसूल करावयाचा असेल तेव्हा ती धंदा असते. भाषण करावयाचे असेल तेव्हा ती चळवळ होते. लघुउद्योगांच्या सवलतींची व्याख्या लिहिली जाते तेव्हा ती लेखणीतून निसटते, आणि स्पर्धा कायद्याखाली नोटीस काढावयाची वेळ आली की तिच्यात आणि एखाद्या बड्या कंपनीत काहीच फरक उरत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून पाळले, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये राष्ट्रीय सहकार धोरणही जाहीर झाले. समारंभ झाले, फलक लागले. पण स्पर्धेचे नियम, लघुउद्योगांचे नियम आणि सरकारी खरेदीचे नियम जेथे ठरतात, त्या टेबलाभोवती सहकारी संस्थांच्या वतीने कोण बसतो, हा साधा प्रश्न या गजबजाटात फारसा कोणी विचारला नाही.

हा विषय वकिलांचा आणि कंपनी-चिटणिसांचा आहे, आपला नव्हे, अशी आपल्या अनेक कार्यकर्त्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. दहा रिक्षावाले, शंभर हमाल किंवा पाचशे विणकर एकत्र आले आणि आपल्या मालाचा अथवा श्रमाचा दर आपण मिळून ठरवू असे म्हणाले, तर ते कायद्याच्या दृष्टीने संघटन ठरते की कट ठरतो, एवढा हा प्रश्न सरळ आहे. संघटनेवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

थोडा इतिहास आठवावा लागेल. संपत्तीचे व उत्पादनसाधनांचे केंद्रीकरण सार्वजनिक हिताला बाधक होऊ नये, असे राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिले गेले. नियोजनाच्या पहिल्या दशकानंतर हे तत्त्व कागदावरच राहिल्याचे दिसू लागले. १९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत तीन आणे विरुद्ध पंधरा आण्यांचा वाद उभा केला. वाढलेले उत्पन्न नेमके कोणाच्या घरी गेले, हाच त्या वादाचा गाभा होता. महालनोबीस समिती, दासगुप्ता यांचा मक्तेदारी चौकशी आयोग आणि दत्त समिती असा प्रवास होत होत १९६९ मध्ये मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा कायदा झाला. या कायद्यात दोष पुष्कळ होते. बड्या घराण्यांनी त्याला वळसे घालण्याच्या शंभर युक्त्या शोधून काढल्या, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमात एक शहाणपण होते. कामगार संघटना आणि नोंदणीकृत सहकारी संस्थांच्या मालकीचे उद्योग यांना हा कायदा लागू होणार नाही, असे ते कलम म्हणत होते. दुबळ्यांनी एकत्र येणे आणि बलवंतांनी संगनमत करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कायदा करणाऱ्यांना त्या वेळी उमगलेले होते. त्याच १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व अन्य अंगमेहनती कामगारांचा कायदा केला, आणि हमालीचे दर मंडळाने ठरवावेत, एकेकट्या हमालाने व्यापाऱ्यासमोर हात पसरू नयेत, असे तत्त्व मान्य केले. मुंबई आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणचे कायदे त्या वर्षी एका सुरात बोलत होते.

१९९१ मध्ये सूर बदलला. सप्टेंबर महिन्यातील एका अधिसूचनेने सरकारी उद्योगांबरोबरच सहकारी संस्थांनाही दिलेली सूट काढून घेण्यात आली. संसदेत त्यावर चर्चा झाल्याचे कोणाला स्मरत नाही. अधिसूचनेला चर्चा लागत नाहीच. पुढे राघवन समिती नेमली गेली, २००० मध्ये तिचा अहवाल आला, आणि २००२ चा स्पर्धा कायदा अस्तित्वात आला. त्याच्या मुख्य तरतुदी २००९ च्या मे महिन्यात अमलात आल्या. या कायद्यातील 'व्यक्ती' या शब्दाच्या व्याख्येत कंपनी, भागीदारी संस्था यांच्या पंगतीत सहकारी संस्थेचेही नाव आहे. म्हणजे १९६९ मध्ये जी वगळलेली होती, ती २००२ मध्ये नाव घेऊन आत ओढली गेली. दृष्टिकोनातील फरकही लक्षात घेण्यासारखा आहे. जुना कायदा केंद्रीकरणालाच दोष मानीत होता. नव्या कायद्याला मोठेपणाचे वावडे नाही. मोठेपणाचा दुरुपयोग सिद्ध झाला तरच तो जागा होतो. स्वतंत्र व्यावसायिकांनी आपसांत दर ठरवण्याकडे मात्र तो आरंभापासूनच संशयाने पाहतो. तसा करार दिसला की स्पर्धेवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो, असे गृहीतच धरले जाते.

येथे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एका मुद्द्याकडे वळावे लागते. एका कंपनीत दहा हजार माणसे काम करतात. त्यांच्या श्रमाचा, मालाचा, वाहतुकीचा दर एक व्यवस्थापक ठरवतो. त्या दहा हजारांत आपसांत स्पर्धा नसते, आणि ती नाही म्हणून कोणताही आयोग चौकशी लावीत नाही, कारण कंपनी ही कायद्याच्या लेखी एक व्यक्ती आहे. तेच दहा हजार लोक आपापल्या साधनांचे मालक राहून एकमेकांशी विचारविनिमय करून दर ठरवू लागले, की कायद्याच्या लेखी त्या दहा हजार व्यक्ती झाल्या आणि त्यांचा विचारविनिमय हा गुन्हेगारी सल्लामसलतीच्या जवळ गेला. वरून हुकमाने आलेला समन्वय निर्दोष, आणि खालून संमतीने उभा राहिलेला समन्वय सदोष! वर्गात हा मुद्दा मांडला की विद्यार्थी हसत. पुढे व्यवहारात तो असा उतरेल, असे त्यांना वाटले नसावे.

व्यवहारातील दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. पंजाबात कीरतपूर साहिब येथे ट्रकमालकांची एक सहकारी वाहतूक संस्था आहे. त्या परिसरातील मालवाहतूक सभासदांच्याच ट्रकांनी व्हावी, बाहेरच्यांना माल उचलू देऊ नये आणि भाडे संस्थेने ठरवावे, असा तिचा कारभार असल्याची तक्रार स्पर्धा आयोगाकडे गेली. २०१५ मध्ये आयोगाने संस्थेविरुद्ध निकाल दिला. दुसरे प्रकरण ओला आणि उबर यांचे. मोबाइलवरील ॲपच्या साहाय्याने या कंपन्या लक्षावधी चालकांच्या फेऱ्यांचे भाडे ठरवतात, चालकाला त्यात काडीचाही अधिकार नसतो, म्हणून हा दरनिश्चितीचाच प्रकार आहे, अशी तक्रार झाली. २०१८ मध्ये आयोगाने ती फेटाळली आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. चालकांमध्ये आपसांत करार झालेला नाही, ते फक्त ॲपने सांगितलेला दर स्वीकारतात, असा त्यामागचा युक्तिवाद. कायद्याच्या चौकटीत तो निरुत्तर करणारा आहे, हे मी मान्य करतो. दोष न्यायाधीशांचा नाही, चौकटीचा आहे. चालक एकमेकांशी बोललेच नाहीत, म्हणून कट नाही. ते एकमेकांशी बोलले असते, एखादी संस्था काढून भाडे ठरवू लागले असते, तर कीरतपूरच्या वाटेने गेले असते.

कीरतपूरच्या संस्थेचे मी सरसकट समर्थन करीत नाही. सभासद नसलेल्याचा ट्रक अडवणे हा सहकार नव्हे, ती दांडगाई आहे; आणि मालवाहतूक संघटनांच्या नावाखाली ती अनेक राज्यांत चालते. परंतु बाहेरच्याला अडवणे आणि आतल्यांनी मिळून दर ठरवणे या दोन कृत्यांत फरक करण्याची सोय कायद्यातच असावयास हवी. ती नसल्यामुळे दांडगाईबरोबर सहकारही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. केरळातील चित्रपट कलावंत व तंत्रज्ञांच्या संघटनांना २०१७ मध्ये असाच दंड झाला. बहिष्कार टाकण्याची त्यांची पद्धत निषेधार्ह असेल, पण १९६९ च्या कायद्यात कामगार संघटनेला जे स्वतंत्र स्थान होते ते नव्या कायद्यात राहिलेले नाही, याची जाणीव आपल्या कामगार आघाडीलाही फारशी दिसत नाही.

ज्या अमेरिकेचे नाव घेऊन आपल्याकडे स्पर्धेचे गोडवे गाइले जातात, तेथे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. १८९० चा शर्मन कायदा तेल आणि रेल्वे यांतील मक्तेदारांविरुद्ध होता. त्याचे पहिले तडाखे मात्र कामगार संघटनांना बसले आणि दूध-धान्य एकत्र विकू पाहणारे शेतकरीही धास्तावले. त्यातून १९१४ च्या क्लेटन कायद्यात त्यांना काहीसे संरक्षण मिळाले, आणि ते अपुरे पडल्यावर १९२२ मध्ये कॅपर-व्होल्स्टेड कायदा झाला. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपला माल साठवावा, त्यावर प्रक्रिया करावी, तो विकावा, हा मक्तेदारीचा गुन्हा नव्हे, असे त्या कायद्याने सांगितले. पण मोकळे रान दिले नाही. प्रत्येक सभासदाला एकच मत असावे किंवा भांडवलावरील लाभांश वर्षाला आठ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. सभासदेतरांच्या मालाचा व्यवहार सभासदांच्या मालापेक्षा अधिक मूल्याचा नसावा. आणि संस्थेने किमती अवाजवी चढवल्या तर कृषिमंत्र्याला हस्तक्षेप करता यावा. शंभर वर्षांपूर्वी, भांडवलशाहीच्या माहेरघरी, सहकारी संस्था खरी की बनावट हे ओळखण्याची ही कसोटी लिहिली गेली होती. जपानच्या १९४७ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यातही लहान उद्योजकांच्या सहकारी संस्थांना अटींसह सूट आहे. जर्मनीत लहान-मध्यम उद्योगांच्या परस्पर सहकार्यासाठी कायद्यात वेगळे कलम आहे. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाने २०२१ पासून लहान व्यावसायिकांना बड्या खरेदीदाराशी सामूहिक वाटाघाटी करण्याची सर्वसाधारण मुभा दिली आहे. युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये इटलीतील सहकारी संस्थांच्या करसवलतींबाबत निर्णय देताना, आपल्या मूळ तत्त्वांनुसार चालणारी सहकारी संस्था ही कंपनीच्या तुलनीय स्थितीत नसते, असे म्हटले. यांपैकी एकही देश समाजवादी नाही.

आपल्या कायद्यात अशी सोय मुळीच नाही काय? आहे. स्पर्धा कायद्याच्या ५४व्या कलमान्वये सार्वजनिक हितासाठी एखाद्या वर्गातील उद्योगांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. तो वापरलाही गेला आहे. ग्रामीण बँकांच्या आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणासाठी तो वापरला गेला. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की, समुद्रमार्गे कंटेनर नेणाऱ्या बड्या जहाज कंपन्यांनी आपसांत जहाजांतील जागा वाटून घेण्याचे जे करार असतात, त्यांनाही २०१३ पासून अशा अधिसूचनांनी वेळोवेळी सूट मिळत गेली. सूट देण्यामागे व्यापाराची काही कारणे असतील, त्यांच्याशी आपला वाद नाही. मुद्दा एवढाच की महासागरावरील जहाजमालकांना आपली अडचण मंत्रालयाच्या कानी घालता आली. कोळी सहकारी संस्थेला, विणकर सोसायटीला, रिक्षाचालकांच्या पतपेढीला असे एक कलम आहे हेही कोणी सांगितले नाही. ज्याचा प्रतिनिधी टेबलाशी बसतो त्याच्या अडचणीला सार्वजनिक हिताचे रूप येते.

आता लघुउद्योगांच्या धोरणाकडे वळू. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा हा लहान उत्पादकाचा आधार मानला जातो. त्या कायद्याच्या एका व्याख्येत सहकारी संस्थेची आठवण ठेवली गेली आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सूक्ष्म व लघु उद्योगांचा माल विकणारी सहकारी संस्था ही 'पुरवठादार' ठरते, आणि ४५ दिवसांच्या आत पैसे न मिळाल्यास चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क तिला पोहोचतो. कोणीतरी जागा असला की एका ओळीत किती काम होते, त्याचा हा नमुना. पण याच कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वये जे राष्ट्रीय मंडळ स्थापन होते त्याची रचना वाचा. उद्योग संघटनांसाठी वीस जागा, त्यांत महिला उद्योगांच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या संघटनांसाठी प्रत्येकी किमान तीन. मध्यवर्ती कामगार संघटनांसाठी दोन. शिवाय बँकांचे अधिकारी व सचिव. सहकारी संस्थांसाठी म्हणून राखलेली जागा त्यात नाही.

याचा परिणाम व्याख्यांत दिसतो. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी उलाढालीची मर्यादा १० कोटी, लघु उद्योगासाठी १०० कोटी आणि मध्यम उद्योगासाठी ५०० कोटी रुपये आहे. एका मालकाच्या कारखान्याला ही फूटपट्टी लावणे ठीक आहे. पण दोन हजार यंत्रमागधारकांची सूत खरेदी व कापड विक्री जी संस्था करते, तिची उलाढाल ही वस्तुतः दोन हजार घरांच्या उलाढालींची बेरीज असते. प्रत्येक घर सूक्ष्म आहे, परंतु ती घरे एकत्र आली की त्यांची संस्था 'मोठी' होते आणि सवलतींच्या बाहेर पडते. म्हणजे एकटे राहा, तुम्हाला मदत करू. एकत्र याल तर मदत बंद, असा हा उफराटा न्याय आहे. सभासदामागे सरासरी उलाढाल मोजावी, एवढी दुरुस्ती सुचवणारा एक माणूस त्या मंडळावर असता तर हे ध्यानात आले असते.

सरकारी खरेदीच्या बाबतीत तर विसराळूपणाची कमाल आहे. २०१२ च्या आदेशानुसार केंद्रीय मंत्रालयांनी व सार्वजनिक उद्योगांनी आपल्या खरेदीचा ठराविक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो; तो पुढे २५ टक्के करण्यात आला. त्यांपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून व्हावयाची आहे. मालकी कशी ओळखावी याचे स्पष्टीकरण त्या आदेशात होते: एकल मालकी असेल तर मालक त्या समाजाचा असावा, भागीदारीत ५१ टक्के हिस्सा त्यांचा असावा, खासगी कंपनीत ५१ टक्के भाग त्यांच्याकडे असावेत. संपले! सहकारी संस्थेचा शब्दही नाही. दोनशे चर्मकार बांधवांनी भागभांडवल गोळा करून चालवलेली संस्था अनुसूचित जातीच्या 'मालकीची' आहे की नाही, हे खरेदी अधिकाऱ्याने आपल्या मनाने ठरवावे! आणि अधिकाऱ्याचे मन संशयाच्या वेळी 'नाही' म्हणण्याकडेच झुकते. विशेष म्हणजे, सरकारी ई-बाजारपेठेत सहकारी संस्थांना यावयाची मुभा केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये वाजतगाजत दिली, ती खरेदीदार म्हणून.

स्पर्धा या शब्दाचा सर्वांत कठोर अनुभव ज्यांना येतो त्यांत पुण्याच्या कचरावेचक भगिनी आहेत. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढावांसारख्यांचे बळ तिच्या पाठीशी होते. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली, आणि २००८ पासून पुणे महापालिकेशी झालेल्या कराराने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम ती करू लागली. देशभरातून लोक हा प्रयोग पाहावयास आले. तरीही करार संपत आला की दर वेळी तीच अनिश्चितता उभी राहते आणि खासगी कंत्राटदाराला निविदा काढून काम द्यावे असा आग्रह धरला जातो. निविदा म्हणजे निर्मळ स्पर्धा, असे त्यामागचे म्हणणे. पण निविदेच्या अटी कोण लिहितो? एवढी अनामत रक्कम, मागील तीन वर्षांची एवढी उलाढाल, स्वतःच्या मालकीची इतकी वाहने. जिचे भांडवल म्हणजे तिचे हात आणि वस्तीतील घरोघरची ओळख, ती बाई या अटींच्या उंबरठ्यावरच अडते. शर्यत सुरू होण्यापूर्वीच ती बाद झालेली असते, आणि निकालपत्रावर मात्र स्पर्धा झाल्याचा शिक्का बसतो.

एवढे सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. सहकाराचा आवाज दिल्लीत कधी पोहोचलाच नाही, असे म्हणता येणार नाही. साखरेचा आवाज पोहोचला, चांगला खणखणीत पोहोचला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे बीज रुजवले, त्याच्या फांद्यांवर पुढे कोण येऊन बसले हे महाराष्ट्राला सांगावयास नको. दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर अंतर असलेच पाहिजे ही अट टिकवण्यासाठी साखर कारखानदारांनी आपली सगळी प्रतिष्ठा पणाला लावली. आरंभी तीत तथ्य होते. सभासदांच्या उसावर उभा राहिलेला कारखाना शेजारच्या धनिकाने बुडवू नये, हा हेतू रास्त होता. पण कालांतराने त्या अटीचा उपयोग उसाला दुसरा गिऱ्हाईक मिळू न देण्यासाठी होऊ लागला. शेतकरी संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि २०१२ मध्ये रंगराजन समितीनेही अंतराची अट व क्षेत्र आरक्षण काढून टाकण्याची शिफारस केली. पुढे राज्य सहकारी बँकेने थकलेल्या कर्जापोटी सहकारी कारखाने विकावयास काढले आणि ते खासगी कंपन्यांच्या हाती गेले. २०११ मध्ये खुद्द त्या बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने बरखास्त करविले. सकाळी सहकाराच्या वतीने शिष्टमंडळ घेऊन जाणारा आणि संध्याकाळी त्याच धंद्यातील खासगी कंपनीचा हिशेब पाहणारा पुढारी हा आपल्या राजकारणातील ओळखीचा प्राणी आहे.

म्हणून सहकाराला प्रतिनिधित्व हवे, एवढी मागणी अपुरी आहे. देशात आठ लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक तर गृहनिर्माण संस्था, ज्यांचा स्पर्धा कायद्याशी संबंध पाण्याच्या टँकरपुरता. या सगळ्यांचा एकच प्रतिनिधी म्हणून एखाद्या महासंघाचा अध्यक्ष पाठवला, तर तो कोणाचे बोलेल? कष्टकऱ्यांच्या संस्था, लहान उत्पादकांच्या संस्था आणि ग्राहक संस्था यांना स्वतंत्र जागा हव्यात, आणि त्या जागेवर बसणाऱ्याचे अथवा त्याच्या कुटुंबीयांचे त्याच धंद्यातील खासगी कंपनीत हितसंबंध नसावेत, ही अट लेखी हवी. अशी अट घातली तर किती मान्यवरांची नावे गळतील याचा हिशेब वाचकांनी आपापल्या जिल्ह्यापुरता करून पाहावा.

केंद्राच्या सध्याच्या उत्साहाबद्दलही सावध असावयास हवे. २०२५ मध्ये सहकार टॅक्सी नावाची बहुराज्य संस्था नोंदली गेली. चालकांना ॲप कंपन्यांच्या तावडीतून सोडवण्याचा तिचा घोषित हेतू स्तुत्य आहे, आणि तो सफल व्हावा असेच कोणीही म्हणेल. परंतु तिचे प्रवर्तक म्हणून पुढे आल्या त्या इफ्को, अमूल, नाफेड, नाबार्ड यांसारख्या देशव्यापी संस्था. चालकांनी आपल्या गरजेतून उभारलेली ही संस्था नव्हे. सहकार हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये ९७व्या घटनादुरुस्तीचा राज्यांतील संस्थांपुरता भाग रद्द ठरवताना तेच सांगितले. स्पर्धा कायदा मात्र केंद्राचा. या दुभंगामुळे राज्याचा सहकार आयुक्त स्पर्धा कायद्याकडे पाहत नाही आणि स्पर्धा आयोगाला राज्याच्या सहकार कायद्याचे मर्म कळत नाही. बहुराज्य संस्था काढून हा दुभंग सांधल्यासारखा दिसतो, पण त्याने सूत्रे दिल्लीकडे जातात. शिवाय सरकारने पाठबळ दिलेल्या सहकारी टॅक्सीला भाडे ठरवता यावे, आणि नाशिकच्या रिक्षाचालकांनी स्वतः काढलेल्या सोसायटीला मात्र नोटिशीची धास्ती असावी, असे झाले तर सरकारी सहकार आणि निमसहकार अशा दोन जाती तयार होतील.

मागावयाचे काय, ते फार अवघड नाही. ५४व्या कलमाखाली एक अधिसूचना काढण्यास संसदेची दुरुस्ती लागत नाही. ज्या संस्थेत प्रत्येक सभासदाला एकच मत आहे, निम्म्याहून अधिक व्यवहार सभासदांशीच आहे, त्या धंद्यातील कोणाही लायक माणसाला सभासदत्व खुले आहे, निवडणुका वेळेवर होतात आणि बाहेरच्याला अडवण्याचा प्रकार नाही, त्या संस्थेने सभासदांसाठी दर ठरवणे व एकत्रित सौदा करणे हा तिसऱ्या कलमाचा भंग मानू नये. ज्या संस्था या कसोटीला उतरणार नाहीत त्यांच्यावर आयोगाने जरूर कारवाई करावी. साखरेतील काही संस्थांवर झाली तर आपल्याला दुःख होण्याचे कारण नाही. खरेदीच्या आदेशातील मालकीच्या व्याख्येत चौथी ओळ घालावी: सहकारी संस्थेत ५१ टक्के सभासद व संचालक त्या समाजाचे असावेत. उलाढाल सभासदामागे मोजावी. हे सर्व एका बैठकीत होण्यासारखे आहे.

आणि बैठका होतच असतात. स्पर्धा कायद्याच्या फेरविचारासाठी नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये अहवाल दिला. त्यातून २०२३ ची दुरुस्ती आली. डिजिटल स्पर्धेसाठी नेमलेल्या समितीने मार्च २०२४ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. वकील, अर्थतज्ज्ञ, उद्योग क्षेत्रातील मंडळी तिच्यावर होती, आणि ॲपवर पोट असणाऱ्या चालकांच्या किंवा विक्रेत्यांच्या सहकारी संस्थांचे कोणी नव्हते. कोणताही मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्राचे २०१४ पासूनचे धोरण आहे. त्या तीस दिवसांत बड्या कंपन्यांच्या वकिलांची शेकडो पानांची टिपणे पोहोचतात. आपल्या जिल्हा शाखांनी आपापल्या भागातील मजूर सोसायट्या, विणकर संस्था, कचरावेचक, मच्छीमार व रिक्षाचालक यांच्या संस्थांची यादी आजच करून ठेवावी. त्यांच्या निविदा कोठे अडल्या, देणी किती दिवस थकली, सवलत कोणत्या व्याख्येपायी नाकारली गेली, याची तारखांसह टिपणे जमवावीत, आणि पुढचा मसुदा निघेल तेव्हा ती मुदतीत पाठवावीत. मसुदा बहुधा केवळ इंग्रजीत असतो, ही पहिली तक्रार त्याच पत्रात लिहावी.